दगडातली साक्ष : खानदेशातील शिल्पे, सरमिसळीची संस्कृती आणि न्याय

खानदेश हा वाटेवरचा मुलूख आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री आणि मधून सुरतेच्या दिशेने वाहत जाणारी तापी अशी त्याची ठेवण आहे. माळव्यातून दख्खनेत उतरणारी वाट येथूनच जाते आणि दख्खनेतून गुजरातच्या बंदरांकडे जाणारा मालही येथूनच जात असे. ब्रिटिश अमलातील एकसंध खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे तेच जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या वाटांवरून सैन्ये आणि तांडे गेले, भिक्खू, जोगी आणि सूफी आले, पाथरवट आणि सुतार आले. त्यांच्यातले पुष्कळजण येथेच स्थिरावले. आजही अहिराणी, भिली, पावरी, लेवा बोली, गुजरी आणि दखनी उर्दू शेजारी शेजारी ऐकू येतात.

या सरमिसळीची खूण खानदेशातील आणि त्याच्या सीमेवरच्या शिल्पांवर स्पष्ट दिसते. कोणत्याही एका घराण्याची, एका धर्माची किंवा एका शैलीची मालकी सांगता येईल अशी कोरीव कामे येथे थोडी आहेत. यातील बहुतेक शिल्पांचा उपयोग पूजेपुरता किंवा सजावटीपुरता नव्हता. दान कोणी दिले, बाजारातला कोणता वाटा कोणाचा, गावासाठी कोण मेला, दिलेला शब्द मोडणाऱ्याचे काय होईल, हे सगळे चारचौघांत उभ्या केलेल्या दगडावर कोरले जात होते. शिल्प म्हणजे समाजासमोर दिलेली साक्ष होती. त्यामुळे न्यायाच्या कल्पना कशा बदलत गेल्या, हेही या शिल्पांवरून वाचता येते.

पितळखोरे : कारागिराचे नाव

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या कड्यात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. आजच्या जिल्हारेषेनुसार ती कन्नड तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पण ज्या घाटावर त्यांची नजर होती तो खानदेशात उतरणारा घाट आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात, सातवाहनांच्या काळाच्या आरंभी, ती खोदली जाऊ लागली. एका विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे आणि त्याच्या दारावर भाले व ढाली घेतलेले द्वारपाल उभे आहेत. त्यांच्या अंगावरचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा येथल्या धोतर-उत्तरीयाच्या वेषाहून वेगळा आहे. वायव्येकडून आलेल्या लोकांचा पेहराव म्हणून अभ्यासक त्याकडे पाहतात. परक्या वेषातला माणूस बौद्ध संघाच्या दाराशी राखणदार म्हणून उभा करावा असे त्या पाथरवटांना वाटले, यावरून त्या घाटवाटेवर कोणकोण ये-जा करीत होते याचा अंदाज येतो.

लेखांतील दात्यांची नावेही तितकीच बोलकी आहेत. पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव याच्या कुटुंबाने दान दिले, तसेच मगिल नावाच्या राजवैद्यानेही दिले. हे लेणे एका राजाच्या खजिन्यातून उभे राहिलेले नाही. व्यापारी, वैद्य आणि त्यांची घरेदारे यांनी खांब वाटून घेतले आणि आपापल्या खांबावर आपले नाव कोरून घेतले.

पितळखोऱ्याचे सर्वांत मोलाचे शिल्प आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर पात्र तोलून धरलेला, बुटका, गुबगुबीत, तोंड भरून हसणारा हा यक्ष आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. कान्हदास नावाच्या सोनाराने ही मूर्ती घडवली, असे तो लेख सांगतो. प्राचीन भारतात दात्यांची नावे शेकड्यांनी सापडतात, घडवणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. येथे ते मिळते आणि ते पाथरवटाचे नसून सोनाराचे आहे. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपल्या कामाची नोंद केली, त्याच वळणाची ही नोंद आहे. दागिन्यातले बारीक काम करणारा हात दगडाकडे वळला होता. ज्याने श्रम केले त्याचे नाव कामावर असावे, ही न्यायाची साधी कल्पना दोन हजार वर्षांपूर्वी या यक्षाच्या हातावर नोंदली गेली.

पाटण : बाजाराचा करार दगडावर

पितळखोऱ्याच्या त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी चाळीसगाव तालुक्यात पाटण आहे. पाटणादेवी म्हणजे चंडिका हे येथले जागते दैवत. थोड्याशा परिसरात येथे देवीचे देऊळ, शिवाचे देऊळ आणि डोंगरात खोदलेली जैन लेणी आढळतात. यातील एका जैन लेण्याला लोक नागार्जुनाची कोठडी म्हणतात, दुसऱ्याला सीतेची न्हाणी. तीर्थंकरांच्या मूर्ती असलेल्या जागेला बौद्ध आचार्याचे किंवा रामायणातल्या सीतेचे नाव मिळावे, हा लोकस्मृतीचा खास मार्ग आहे. तिने जुनी जागा मोडली नाही, आपल्या गोष्टीत सामावून घेतली.

बाराव्या शतकात येथे निकुंभ घराणे यादवांचे मांडलिक म्हणून राज्य करीत होते. पाटणच्या शिवमंदिरातील शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३-५४ चा लेख या घराण्याची हकिगत सांगतो. इंद्रराजाने मंदिर बांधायला घेतले. त्याच्या निधनानंतर मुलगा गोवन लहान असल्यामुळे राणी श्रीदेवीने राज्यकारभार सांभाळला. गोवनाच्या काळात मंदिर पूर्ण झाले आणि त्याला गाव नेमून दिले गेले. मधल्या काळात राज्य चालवणाऱ्या स्त्रीचे नाव लेखात आदराने आले आहे, हे त्या काळाच्या शिलालेखांत उठून दिसते.

यापेक्षाही प्रसिद्ध लेख आहे तो शके ११२८ चा, तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांसमोर आणला. सिद्धान्तशिरोमणीचा कर्ता भास्कराचार्य याचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडीदेव या भावांनी त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात वंशाची थोरवी आहे, विद्येची परंपरा आहे. शेवटी मात्र लेख जुन्या मराठीत येतो. बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा किती वाटा, तेलाच्या घाण्यामागे किती तेल, असे देण्याघेण्याचे नियम या भागात आहेत.

ही रचना अर्थपूर्ण आहे. राजाची स्तुती विद्वानांना कळली म्हणजे पुरे होते. कर मात्र तेल्याने, वाण्याने आणि बैलांवर माल घालून आणणाऱ्याने द्यायचा होता. त्यांच्यावर किती बोजा आहे, हे त्यांना समजणाऱ्या भाषेत लिहिले गेले. दगडावर एकदा आकडा कोरला की वसूल करणाऱ्यालाही त्याच्या वर जाता येत नाही. घेणाऱ्याच्या हक्काबरोबर देणाऱ्याची मर्यादाही या लेखाने बांधून दिली.

त्याच परिसरातल्या वाघळीला शके ९९१ चा, म्हणजे १०६९ च्या सुमाराचा लेख आहे. यादव राजा सेउणचंद्र याचा मांडलिक, मौर्य घराण्यातला गोविंदराज याचे त्यात वर्णन आहे. हे घराणे आपले मूळ सौराष्ट्रातील वलभी नगरीत सांगत होते. म्हणजे सत्ता चालवणारेही बाहेरून आलेले होते आणि त्यांनी ते लपवले नाही; आपले मूळ गाव मानाने दगडावर कोरून घेतले.

दोन शैलींच्या मधला प्रदेश

या काळातल्या मंदिरांकडे पाहिले की खानदेशचे भौगोलिक स्थान कळते. ‘हेमाडपंती’ या नावाखाली महाराष्ट्रात सर्व जुनी दगडी देवळे एकत्र केली जातात. त्यातली अनेक प्रत्यक्षात भूमिज शैलीची आहेत. या शैलीत शिखरावर चारी बाजूंनी नक्षीचे पट्टे उभे चढतात आणि त्यांच्यामध्ये लहान लहान शिखरांच्या ओळी मजल्यामजल्याने रचलेल्या असतात. अकराव्या शतकात माळव्यात परमारांच्या आश्रयाने ही शैली फुलली आणि अंबरनाथ, सिन्नर या दख्खनच्या देवळांतही ती दिसते. माळवा आणि दख्खन यांच्यामधली भूमी खानदेशची आहे.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बळसाणे येथे त्या काळच्या देवळांचा समूह आहे. त्यातील मुख्य देऊळ त्रिदल आहे : एका सभामंडपाला तीन बाजूंनी तीन गाभारे जोडलेले. वेगवेगळ्या देवांना एकाच छपराखाली, एकाच मंडपातून दर्शन देण्याची ही योजना आहे. त्याच गावात विमलनाथाचे जैन तीर्थही आहे. पूर्वेला तापी-पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईनगरजवळ चांगदेवाचे देऊळ आहे. योगसामर्थ्याचा अभिमान असलेल्या चांगदेवाने ज्ञानदेव आणि मुक्ताई या लहान वयाच्या भावंडांपुढे नमते घेतल्याची कथा वारकरी परंपरेने जपली. संगमाच्या परिसरात चांगदेवाचे आणि मुक्ताईचे, अशी दोन्ही स्थाने आजही नांदतात.

वीरगळ आणि गधेगाळ : गावाचे न्यायालय

मंदिरे राजांची आणि धनिकांची होती. सामान्य माणसाचे शिल्प गावाच्या वेशीवर सापडते. गाय-गुरे पळवणाऱ्यांशी किंवा गावावर चालून आलेल्या टोळीशी लढताना पडलेल्या वीराची स्मृतिशिळा म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रभर सापडणाऱ्या या शिळांची रचना जवळपास ठरलेली आहे. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि सर्वांत वर चंद्र-सूर्य. वाचता न येणाऱ्यालाही हा दगड कळतो. गावासाठी प्राण देणाऱ्याला गावाने स्वर्ग देऊ केला आहे, आणि चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याचे ऋण विसरले जाणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. सतीच्या शिळांवरही चंद्र-सूर्य दिसतात आणि त्यासोबत बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात. समाजाने ज्याला गौरव म्हटले त्यात स्त्रीच्या मरणाचाही समावेश होता, ही कठोर गोष्ट त्या हातावरून नजरेआड करता येत नाही.

दिलेल्या दानाला संरक्षण देण्यासाठी मध्ययुगात गधेगाळ उभारले जात. कोकणातील शिलाहारांच्या मुलखात ते विशेष आढळतात. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा शिलालेख हा याच प्रकारातला आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढव व स्त्री यांचे दृश्य असे त्याचे स्वरूप. दान मोडणाऱ्याच्या आईला ही विटंबना भोगावी लागेल, असा हा शाप आहे. पुढच्या शतकांत मुसलमान सत्ताधीशांच्या अमलातही अशा शिळा उभारल्या गेल्या आणि काहींवर मराठीसोबत अरबी-फारसी मजकूरही आला. राज्य बदलले, भाषा वाढली, करार पाळण्याची ताकीद तीच राहिली. गधेगाळ हा दगडातला कायदा होता. अपराध एका पुरुषाचा आणि शिक्षेचे चित्र मात्र एका स्त्रीच्या देहावर, हा त्या कायद्यातला अन्यायही त्याच दगडावर कोरलेला आहे.

थाळनेर आणि बुऱ्हाणपूर : संस्कृतातला मशिदीचा लेख

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात फारुकी घराण्याचे राज्य सुरू झाले. मूळ पुरुष मलिक राजा याला फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेर आणि करवंद यांची जहागीर मिळाली होती. ही दोन्ही ठिकाणे आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहेत. न्यायनिष्ठेसाठी इस्लामी परंपरेत आदर्श मानल्या गेलेल्या खलिफा उमर यांच्याशी हे घराणे आपली वंशावळ जोडत असे. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा नसीर खान याने तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले आणि सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याला नाव दिले. त्या संतांची दर्गा खुलताबादला आहे. राजधानी तापीवर, पण तिचे नाव आणि तिची श्रद्धा दख्खनकडे वळलेली.

थाळनेरला तापीकाठच्या किल्ल्याजवळ सुरुवातीच्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. घुमट आणि कमानी माळव्यातल्या मांडूच्या वळणाच्या आहेत. त्यातील अष्टकोनी कबरीच्या बाहेरच्या अंगावर दगडात भरगच्च नक्षी आहे. इमारतीचा घाट बाहेरून आला; दगडाचा स्वभाव ओळखून त्याला धार लावण्याचे कसब मात्र देवळे घडवणाऱ्या पाथरवटांच्या पिढ्यांनी या भागात रुजवले होते.

खानदेशातील सरमिसळीचा सर्वांत ठसठशीत पुरावा बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आहे. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी दोनशे वर्षे ते खानदेशचे हृदय होते. आदिलशाह फारुकी, म्हणजे राजा अली खान, याने ही मशीद बांधली. तिच्यात अरबी लेखासोबत एक संस्कृत लेख आहे. त्याचा काळ विक्रम संवत १६४६, शके १५११, म्हणजे १५९० चा आरंभ. लेखाची सुरुवात सृष्टिकर्त्याला वंदन करून होते. मग ईश्वर अव्यक्त, सर्वव्यापी, गुणांच्या पलीकडचा आहे, असे त्याचे वर्णन येते. उपनिषदांवर वाढलेल्या वाचकाला ते परके वाटत नाही आणि एकेश्वरवादी मुसलमानालाही त्यात खटकण्याजोगे काही नाही. पुढे फारुकी राजांची वंशावळ येते, आकाशात चंद्र, सूर्य आणि तारे आहेत तोपर्यंत हा वंश नांदो अशी इच्छा येते आणि मशीद बांधल्याची तिथी पंचांगाच्या पद्धतीने, नक्षत्रासकट दिली जाते. असाच संस्कृत लेख अशीरगडच्या मशिदीतही आहे.

वीरगळावर आणि गधेगाळावर कोरलेले चंद्र-सूर्य येथे शब्दरूपाने मशिदीच्या भिंतीवर आले. प्रार्थना अरबीत, काळाची गणना संवत-शकात आणि चिरंतनतेची कल्पना या मातीतली. दोन समाजांना एकाच नगरात राहायचे आहे आणि दोघांनाही राजाचे काम आपल्या भाषेत वाचता आले पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे. पाटणच्या मठाने तेल्यासाठी मराठीचा वापर केला होता. फारुकी सुलतानाने आपल्या हिंदू प्रजेतील जाणकारांसाठी संस्कृतचा केला. १६०१ मध्ये अशीरगड पडून खानदेश मुघल साम्राज्यात गेला, तेव्हा अकबराच्या विजयाचा फारसी लेखही याच मशिदीत कोरला गेला. जिंकणाऱ्याने जुना लेख खरवडला नाही, आपला लेख शेजारी जोडला.

वाघदेव : वनातली शिल्पपरंपरा

राजवटींच्या या इतिहासाला समांतर अशी आणखी एक शिल्पपरंपरा सातपुड्यात आणि सह्याद्रीच्या उतारांवर चालत आली. डांग, नाशिकचा पश्चिम पट्टा आणि त्यांना लागून असलेल्या साक्री-नवापूर भागातल्या कोकणा, भिल्ल आणि इतर आदिवासी वस्त्यांत वाघदेवाची शिल्पे उभी केली जातात. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर वाघ, नाग, चंद्र आणि सूर्य कोरलेले किंवा रंगवलेले असतात. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला गुराखी त्याची पूजा करतात. वाघाला देव मानून त्याचा वाटा मान्य करायचा आणि त्याने गुरांना, माणसांना सोडावे अशी विनंती करायची, असा हा करार आहे. जंगलात माणसाइतकाच वाघाचाही हक्क आहे, ही न्यायाची कल्पना राजाज्ञेतून आलेली नाही. ती वनात राहणाऱ्यांच्या अनुभवातून आली आहे.

१८१८ नंतर ब्रिटिशांनी खानदेश घेतला. डोंगरातले भिल्ल त्यांच्या दृष्टीने दंगेखोर ठरले. जेम्स आउट्रम याने १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. १८५८ मध्ये खाजा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी सातपुड्यातील आंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी लढाई दिली. या लढवय्यांसाठी त्या काळी कोणी दगड घडवला नाही. त्यांची स्मृती दीर्घकाळ गाण्यांतच राहिली.

फैजपूर आणि नंदुरबार : लोकांची स्मारके

विसाव्या शतकात स्मारकाची भाषा बदलू लागली. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस सजावटीसाठी आले. त्यांनी बांबू, चटया, गवत असे गावात मिळणारे साहित्य वापरून मंडप आणि प्रवेशद्वारे उभी केली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक बैल जोडलेल्या रथातून निघाली. तो रथही बोस यांच्याच कल्पनेतला होता. ही सारी रचना काही दिवसांपुरती होती. पण तिने संगमरवर आणि राजवाड्याच्या कमानी यांच्याऐवजी शेतकऱ्याच्या हातातले साहित्य राष्ट्राच्या समारंभाला योग्य मानले. याच अधिवेशनात शेतसारा, खंड आणि कर्ज यांचा बोजा हलका करण्याची मागणी करणारा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. मंडपाचे रूप आणि ठरावाचा आशय एकच गोष्ट सांगत होते.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आपल्या चार साथीदारांसह मारला गेला. त्या जागी पुढे स्मारक झाले. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या हुतात्मा स्मारकांचे काम वीरगळाचेच आहे. फरक इतकाच की येथे स्वर्ग आणि अप्सरा नाहीत. वीराच्या मरणाचे फळ म्हणून स्वातंत्र्य आणि नागरिकत्व आले आहे.

गोंदूरचे राम सुतार

धुळे शहराजवळच्या गोंदूर गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात राम वनजी सुतार यांचा जन्म झाला. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्यांच्यातली कला ओळखून त्यांना मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात पाठवले. १९५३ मध्ये त्यांना तेथे मेयो सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले. भग्न मूर्तीचा हरवलेला भाग पुन्हा बसवताना जुन्या कारागिरांचे प्रमाण, वजन आणि वळण जवळून समजते. गावातले लाकूडकाम, जे. जे. मधले पाश्चात्त्य पद्धतीचे हुबेहूब मूर्तिकाम आणि लेण्यांतली भारतीय घडण, अशा तीन परंपरांचे शिक्षण त्यांच्या हातात एकत्र आले. १९५९ पासून ते दिल्लीत स्वतंत्रपणे काम करू लागले.

त्यांचे पहिले मोठे काम चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणावरचे. ४५ फूट उंच चंबळमाता आणि तिच्याजवळ दोन मुले, असे हे शिल्प आहे. ही मुले म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. एका नदीच्या पाण्यावर दोन राज्यांचा हक्क आहे, आणि आईच्या दुधाप्रमाणे तो वाटून घ्यायचा आहे, हा पाणीवाटपाचा विचार नदीला माता मानणाऱ्या जुन्या श्रद्धेच्या रूपात मांडला गेला. भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांचे ५० फुटी कांस्यशिल्प करावे, अशी नेहरूंची इच्छा होती. निधीअभावी ते झाले नाही. नदीचे स्मारक झाले आणि श्रमिकांचे राहिले, ही नोंद पितळखोऱ्याच्या कान्हदासाची आठवण ठेवून वाचावी अशी आहे.

सुतार यांनी घडवलेला गांधींचा अर्धपुतळा भारताच्या वतीने जगातल्या अनेक देशांत गेला. संसदेच्या आवारातला ध्यानस्थ बसलेल्या गांधींचा १६ फुटी पुतळा १९९३ मध्ये बसवला गेला. या गांधींच्या अंगावर शस्त्र नाही, सिंहासन नाही, हातवारा नाही. मांडी घालून बसण्याची ठेवण बुद्धमूर्तीची आठवण करून देते. संसदेतला महात्मा जोतीराव फुले यांचा २००३ मधला पुतळाही सुतार यांचाच. पाटण्याच्या गांधी मैदानावर दोन मुलांसह उभे असलेले ४० फुटी गांधी २०१३ मध्ये आले. २०१६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षाचा सांस्कृतिक सौहार्दासाठीचा टागोर पुरस्कारही त्यांना देण्यात आला.

पुतळा आणि न्यायाची कसोटी

१४ एप्रिल २०२३ रोजी हैदराबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १२५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. राम सुतार आणि त्यांचे पुत्र अनिल सुतार यांनी तो घडवला. खानदेशच्या इतिहासात या पुतळ्याला वेगळे वजन आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य असताना, १९२९ मध्ये, आंबेडकर धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले होते. वस्तीकडे जाण्यासाठी टांगा हवा होता, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी वस्तीतल्याच सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला. मोरीवर अपघात झाला आणि आंबेडकर दगडांवर फेकले गेले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या तालुक्यात पाटणचा बाजाराचा करार कोरलेला आहे, त्याच तालुक्यात सातशे वर्षांनंतर एका बॅरिस्टरला टांग्यात बसण्याचा हक्क नव्हता.

म्हणूनच आज खानदेशातल्या गावागावांत चौकात उभे असलेले, कोट घातलेले, हातात संविधान धरलेले आणि बोट उंचावलेले आंबेडकर कलेच्या दृष्टीने साधे असले तरी न्यायाच्या इतिहासात फार मोठे आहेत. सिमेंटचा आणि निळ्या रंगाचा हा पुतळा वस्तीने वर्गणी काढून उभा केलेला असतो. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांनी चौकातली जागा मागितली आणि ती मिळवली, याची ती साक्ष आहे. कोट पाश्चात्त्य, उंचावलेले बोट सभेतल्या वक्त्याचे, जयंतीला गळ्यात पडणारे हार इथल्या पूजेच्या रीतीचे आणि हातातला ग्रंथ कायद्याचा : नव्या भारताची सरमिसळ या रूपात दिसते.

सुतार यांचे सर्वांत मोठे काम, सरदार वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंच पुतळा, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी नर्मदेकाठी केवडियाला उभा राहिला. लहान नमुन्यापासून मोठ्या नमुन्यापर्यंत घडण सुतारांच्या कार्यशाळेत झाली, बाहेरचे कांस्यपत्रे चीनमध्ये ओतले गेले आणि देशभरातल्या शेतकऱ्यांकडून लोखंडी अवजारे गोळा करण्यात आली. संस्थाने एका राष्ट्रात आणणाऱ्या नेत्याचे हे स्मारक आहे. त्याच्यासमोर सरदार सरोवर आहे. या धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावे गेली. ती त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांत होती. त्यात मणिबेली सर्वांत आधी बुडाले. नर्मदा बचाओ आंदोलनाने पुनर्वसनाच्या हक्कासाठी दीर्घकाळ लढा दिला. बुडालेल्या गावांबरोबर त्यांची देवस्थाने आणि पूर्वजांचे दगडही गेले. एकात्मतेची सर्वांत उंच मूर्ती आणि पाण्याखाली गेलेली गावदेवते हे दोन्ही खानदेशच्या शिल्पेतिहासाचे भाग आहेत आणि तो इतिहास लिहिताना दोन्ही नोंदवावे लागतात.

या दोन हजार वर्षांच्या वाटचालीतून काही गोष्टी स्पष्ट होतात. खानदेशात बाहेरून आलेली शैली आणि येथला हात यांच्या भेटीतूनच चांगले शिल्प घडले. पितळखोऱ्याचे द्वारपाल, बळसाण्याचे त्रिदल देऊळ, थाळनेरची नक्षी आणि बुऱ्हाणपूरचा संस्कृत लेख ही त्याची उदाहरणे आहेत. न्यायाची कल्पनाही क्रमाने रुंदावत गेली. आधी दान आणि करार यांना संरक्षण, मग गावासाठी मेलेल्याचे ऋण, मग प्रजेच्या दोन्ही भाषांना स्थान आणि शेवटी माणूस म्हणून समान हक्क. यातील प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी वगळले गेले : मजूर, स्त्री, भिल्ल वीर, बुडीत गावचा आदिवासी.

धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून या प्रदेशातले कागद, लेख आणि मूर्ती जमवण्याचे काम हाती घेतले. जळगावच्या गांधी तीर्थाने २०१२ पासून गांधीविचाराचे संग्रहालय उभे केले आहे. या कामाइतकेच गावच्या वेशीवर पडलेले वीरगळ, देवळाच्या जोत्यात उलटे बसवलेले लेख आणि जंगलातले वाघदेव यांची नोंद होणे महत्त्वाचे आहे. राजांच्या लेखांबरोबर या दगडांचीही नोंद झाली, तर खानदेशच्या इतिहासात घडवणारे, कर देणारे आणि वगळले गेलेले असे सगळेच लोक सापडतील.